खड्डेताईंची नदी

खड्डेताईंचं खरं नाव कार्यालयात दोघातिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांनाही ते आठवून सांगावं लागायचं. बाकी सगळे त्यांना खड्डेताईच म्हणत. त्यात चेष्टा होती, पण खोचक नव्हती. त्यांचं कामच ते. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं पाठवलेली छायाचित्रं पडद्यावर उघडायची आणि त्यातले खड्डे मोजायचे. वरून दगड आदळून पडलेले खड्डे, मोठे, मध्यम, बारीक. प्रत्येकाच्या कडेवर तीन टिंबं दिली की संगणक त्यातून वर्तुळ काढायचा. वर्तुळ झालं की पुढचा खड्डा. ज्या जमिनीवर खड्डे जास्त ती म्हातारी, ज्या जमिनीवर कमी ती त्या मानानं तरुण. एवढ्यावरून जाणकार मंडळी तिचं वय काढत आणि मग त्या वयावरून वर्षानुवर्षं भांडत.

"खड्डेच मोजायचे तर एवढ्या लांब कशाला जायचं?" असं प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात विचारायचाच. "आमच्या गल्लीत या. एका सकाळीत महिन्याचं काम होईल."

खड्डेताई दर वेळी अशा हसायच्या की जणू हा विनोद आजच निघाला. मग म्हणायच्या, "तुमच्याकडचे आज ना उद्या कोणीतरी बुजवेल रे. इथले कोणी बुजवत नाही, म्हणून मोजायला बरे."

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांच्या पट्ट्या दिवसभर ओढलेल्या. बाहेर ऊन आहे की ढग हे खोलीतल्यांना जेवायला उतरतानाच कळायचं. दोन टेबलं होती. एक त्यांचं. दुसऱ्यावर टोपीवाला बसायचा. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करायचा. डोक्यावर केस नाहीत आणि डोक्याच्या बरोबर वर गार हवेची जाळी, म्हणून बाराही महिने लोकरीची टोपी घालून बसायचा. जागा बदलून घे म्हटलं तर म्हणायचा, "मग टोपीचं काय करू?"

खड्डेताई काही शास्त्रज्ञ नव्हत्या. आधी जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवायला होत्या. हात स्थिर आणि नजर चिवट, म्हणून कोणीतरी इकडे पाठवलं, सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने पंचवीस वर्षं चालले. लग्नही इथल्याच एका खोळंब्यातून जमलं. नवीन लागल्या होत्या तेव्हा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकट्या त्या. बऱ्याच वेळानं लिफ्टच्या मिस्त्रीनं वरून वाकून विचारलं, "घाबरला नाहीत ना?" खालून उत्तर आलं, "नाही. पण जरा शेजारच्या खोलीत जाऊन माझं काम साठवलं गेलंय का, तेवढं बघता?" मिस्त्रीनं आधी त्यांना बाहेर काढलं, मग खरोखरच जाऊन बघितलं. पडद्यावर नुसते गोलच गोल. या बाई बटणांच्या कारखान्यात असाव्यात असा त्याचा समज झाला आणि लग्न ठरेपर्यंत तो त्यानं कोणाला बोलून दाखवला नाही. पुढे पाहुण्यांना मात्र हौसेनं सांगायचा, "मी माणसांना खालून वर नेतो, ही त्यांना वरून खाली बघायला लावते. दोघांचं मिळून एक काम पुरं होतं."

तर अशा या खड्डेताईंना एक नदी लागली होती. लागली म्हणजे एखाद्या माणसाचा ध्यास लागतो तशी.

मंगळावरची छायाचित्रं लांबट पट्ट्यांसारखी येतात. यान वरून जाताना खालची जमीन पट्टीपट्टीनं टिपत जातं. बारीक दिसणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याची पट्टी तर फारच अरुंद. अशीच एक पट्टी एका दुपारी त्यांच्याकडे मोजणीला आली. वरच्या कोपऱ्यात डोंगर होता. त्या डोंगरातून एक कोरडं पात्र उतरलं होतं. पाणी आटून तीनशे कोटी वर्षं तरी झाली असतील, पण वळणं कशी, तर काल पाऊस थांबावा अशी. एका टेकाडाला वळसा घातलेला, पुढे दोन फाटे फुटलेले, मग ते पुन्हा एक झालेले. खाली येता येता पात्र रुंदावत गेलं, काठ सैल पडले, आणि आता नदी कुठंतरी पोचणार असं वाटायला लागलं तोच पट्टी संपली. पुढे काळं.

खड्डेताईंनी त्या दिवशी खड्डे मोजले नाहीत. वरून खाली आणि खालून वर नदीच बघत राहिल्या.

पुढे मोठा खोलगट भाग होता, हे नकाशावरून माहीत होतं. नदी तिथवर पोचली असेल तर तिथं कधीकाळी तळं असणार. पोचली नसेल तर वाटेतच वाळूत जिरली असणार. दुसरा एक धूसर कॅमेरा होता, त्यानं सबंध ग्रह टिपून ठेवला होता. त्यात त्या जागी नुसता करडा फराटा दिसायचा. नदी म्हणा, धूळ म्हणा, काहीही म्हणा. तो फराटा खड्डेताईंनी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, फिकट करून, गडद करून पाहिला. फराटा तो फराटाच राहिला.

शास्त्राच्या दृष्टीनं त्यात फार मोठं काही नव्हतं. याहून देखण्या, याहून लांब नद्या मंगळावर सापडलेल्या होत्या आणि त्यांच्यावर प्रबंध लिहून लोक मोठे झाले होते. पण खड्डेताईंना तळ्याचं पडलं नव्हतं, प्रबंधाचंही नव्हतं. ती बिचारी कुठं गेली एवढंच त्यांना बघायचं होतं.

घरी लेक चिडवायची, "आई, माझ्या प्रगतिपुस्तकाकडे तू एवढा वेळ कधी बघितलं नाहीस."

"त्यात बघण्यासारखं कधी असायचं काय?" बाप परस्पर उत्तर द्यायचा.

त्या वेळच्या विभागप्रमुखांना, जुन्या सरांना, खड्डेताईंनी भीत भीत विचारलं. पुढच्या भागाचं छायाचित्र मागवता येईल का? सर भले होते. त्यांनी पट्टीच्या लेबलावरून जागा काढली आणि समितीकडे मागणी टाकली. ती यादीत तळाला राहिली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदाची पाळी आली तर त्याच सुमारास मंगळावर धुळीचं वादळ उठलं, आणि चित्रात सगळा दुधी रंग आला. सरांनी पुन्हा मागणी टाकली. त्या वेळी आदल्याच दिवशी यान आजारी पडलं, म्हणजे स्वतःचं स्वतः सगळं बंद करून गप्प बसलं, आणि शुद्धीवर येईपर्यंत पाळी निघून गेली. मग सर निवृत्त झाले. जाताना म्हणाले, "तुमची नदी लाजाळू आहे हो." खड्डेताईंना ते आवडलं. स्वतःच्या नात्यातल्या मुलीबद्दल कोणी बरं बोलावं तसं वाटलं.

लेक शिकली, नोकरीला दुसऱ्या गावी गेली. लिफ्टवाल्या नवऱ्याचे गुडघे दुखायला लागले, आणि आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस घरचा एक जिना चढताना दोनदा थांबायला लागला. नदीची कड जिथं होती तिथंच होती. दुपारी जेवून आलं की पहिली दोन मिनिटं खड्डेताई ती पट्टी उघडायच्या, कडेपर्यंत जायच्या, आणि परत यायच्या. टोपीवाल्याला सवय झाली होती. तो नुसतं म्हणायचा, "जाऊन आलात?"

"आले."

"पुढे?"

"पुढे काळं."

मग एके दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे जुन्या सरांच्या जागी आलेल्या प्रमुख. वयानं खड्डेताईंहून लहान, उंचीनं मात्र दारात वाकायला लागेल अशा. त्या म्हणाल्या, "यान थकलंय. बॅटऱ्यांत जीव राहिलेला नाही. मोठा कॅमेरा आता थोड्या दिवसांचा सोबती. त्यानंतर यान फक्त इतर यानांचे निरोप पोचवायचं काम करेल, चित्रं काढणार नाही. असा कॅमेरा पुन्हा तिथं कधी जाईल ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हा मी असं ठरवून घेतलंय, की शेवटच्या पाळ्यांतली एकेक पाळी या विभागातल्या प्रत्येकाला. शास्त्रज्ञ असो नसो. ज्याला जे बघायचं राहून गेलंय ते त्यानं मागावं."

आणि खड्डेताईंकडे बघून हसल्या. "काहींना विचारायची गरजच नाही."

खड्डेताईंची निवृत्तीही त्याच हंगामात होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं.

आता त्या कामाची एक रीत सांगायला हवी. कोणीही जागा मागितली की तिचे आकडे तपासायचं काम खड्डेताईंचं. आकडे नुसते वाचून भागायचं नाही. त्या जागेची चौकट धूसर नकाशावर उघडून बघायची, माणसानं तोंडानं सांगितलेलं तिथं खरंच आहे का हे डोळ्यांनी पटवायचं, मगच पुढे धाडायचं. कारण मंगळावर एक जुनं लफडं होतं. पूर्वी तिथली जागा सांगताना शून्याच्या रेघेपासून पश्चिमेकडे अंश मोजत. पुढे पद्धत बदलली आणि सगळे पूर्वेकडे मोजू लागले. जुना आकडा नव्या रकान्यात पडला की यान भलत्याच मुलखावर जाऊन उभं. नव्या पोरांना हे खड्डेताईच बजावायच्या, "जुना आकडा दिसला की तीनशेसाठातून वजा करायचा. विसरलात तर आपण एकीकडे आणि वरात दुसरीकडे."

त्यांनी सगळ्यांचे आकडे तपासले. टोपीवाल्याचे दोनदा तपासले, कारण त्याची पाळी सगळ्यांत शेवटची होती. मग स्वतःचे भरायला बसल्या. आजवर मागणी सरांच्या हातून जायची. स्वतःच्या हातानं भरायची ही पहिलीच वेळ. पट्टीचं लेबल उघडायची गरज त्यांना वाटली नाही. नदीचा पत्ता त्यांना पाठ होता. ती पट्टी आली त्या काळात खोलीच्या भिंतीवर एक जुना नकाशा होता, त्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात टाचणी लावली होती, आणि तेव्हापासून ते दोन आकडे त्यांच्या तोंडी बसले होते. दक्षिणेला चोवीस, आडवे एकेचाळीस. घरातल्या माणसाचा वाढदिवस सांगावा तसे ते त्यांनी भरले. चौकट उघडून बघितली नाही. त्या धूसर फराट्याकडे बघून बघून त्या कंटाळल्या होत्या. आता बघायची ती नीटच, असं मनाशी म्हणाल्या आणि बटण दाबलं.

भिंतीवरचा तो नकाशा जुन्या मोजणीचा होता. एकेचाळीस पश्चिमेचे.

छायाचित्र यायचं त्या सकाळी खड्डेताई ठेवणीतले कपडे घालून आल्या. टोपीवाला खुर्ची फिरवून म्हणाला, "ताई, आज कोणाला बघायला जायचंय?"

"बघायलाच आलेय. तू तोंड तिकडे कर, मला संकोच वाटतो."

त्यानं आज्ञेप्रमाणे तोंड फिरवलं. खड्डेताईंनी चष्मा पुसला आणि चित्र उघडलं.

पठार होतं. सपाट, भेगाळलेलं, खड्ड्यांनी भरलेलं. एका बाजूला वाळूच्या बारीक लाटा. डोंगर नाही, पात्र नाही.

त्यांना आधी वाटलं, चित्र उलटं आलंय. त्यांनी ते फिरवलं. उजेड चुकीच्या बाजूनं आला की खड्डे उंचवट्यांसारखे दिसतात, नवशिक्यांची त्यात हटकून फसगत होते. म्हणून त्यांनी सूर्य कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. सगळं बरोबर होतं. मग वाटलं, वाळूनं नदी बुजवली की काय. पण काठ? काठांचं तरी काही राहायला हवं होतं. वरपासून खालपर्यंत त्या दोनदा गेल्या. ओळखीचं काहीच भेटेना. शेवटी, दुसऱ्या कोणाचं चित्र असतं तर जे सगळ्यांत आधी केलं असतं ते त्यांनी केलं. लेबल वाचलं. एकेचाळीस, पूर्व.

त्यांनी पडदा बंद केला, स्वतःचा कप उचलला आणि धुवायला गेल्या. कप स्वच्छच होता. परत आल्या तेव्हा टोपीवाला अजून भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"वळू का?"

"वळ."

"आली का?"

"चित्र आलं," खड्डेताई म्हणाल्या. "ती नाही आली. मी दुसऱ्याच दारात जाऊन उभी राहिले रे."

त्याला समजायला क्षण लागला. मग चहा आणायला म्हणून उठला आणि बराच वेळ आला नाही.

मोठ्या बाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, आडवळण न घेता. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही? अहो, तुम्ही?"

"मीच. दुसऱ्या कोणाची चूक माझ्या हातून सुटली नसती. माझी सुटली."

"चौकट उघडली नाहीत?"

"स्वतःच्या घरचा पत्ता कोण पडताळून बघतं?"

मोठ्या बाईंनी यानाचा मार्ग उघडला आणि बराच वेळ त्यात डोकं घातलं. मग म्हणाल्या, "रिकामी पाळी एकही नाही. एकच चित्र व्हायचं राहिलंय, टोपीवाल्याचं. त्याच दिवशी यान तुमच्या नदीवरूनही जातंय. पण वीज आहे ती एका चित्रापुरती. हे होईल नाहीतर ते. त्यानं दिली तर माझी ना नाही. पण मी त्याला सांगणार नाही हं. माझ्या तोंडून गेलं की तो हुकूम होतो. विचारायचं तर तुम्हीच विचारा."

जुन्या सरांकडे मागितलेलं ते एक छायाचित्र सोडलं तर खड्डेताईंनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. बसमध्ये बसायला जागा मागितली नव्हती. सासूकडे दोन दिवस माहेरी जायची परवानगी मागायला एकदा गेल्या होत्या, तर तिची औषधं आणून देऊन परत आल्या होत्या. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी नुसता घसा खाकरण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी जेवून वर येताना, जिन्याच्या वळणावर, पायरी बघत म्हणाल्या, "अरे, एक विचारू? तुझी पाळी मला देशील?"

टोपीवाला थांबला. हातातला डबा त्यानं या हातातून त्या हातात घेतला.

"मला वाटलंच होतं तुम्ही विचाराल," तो म्हणाला. "तीन दिवस मी त्याच धास्तीत आहे."

"मग?"

"नाही देणार, ताई."

खड्डेताईंनी मान हलवली. तो मात्र बोलतच राहिला, आपल्यावरच रागावल्यासारखा. "सात वर्षांपूर्वी मी त्या टेकड्यांचं पहिलं चित्र घेतलं. त्या सरकतात की मेल्यासारख्या पडल्यात, हे दुसरं चित्र असल्याशिवाय कळतच नाही. दुसरं नसेल तर पहिल्याचाही उपयोग नाही. सात वर्षं लोकांना सांगतोय, सरकत असाव्यात. असाव्यात. तुमची नदी तीनशे कोटी वर्षं तिथंच आहे. ती कुठं जात नाही. माझ्या टेकड्या जातायत, त्यांचं काय करू?"

"नदी राहील रे," खड्डेताई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. तेवढ्यावरून टोपीवाल्याला ते ऐकू आलंच असावं, कारण तो खाली बघायला लागला.

"रागावलात?"

"नाही. नाही म्हणायला धीर लागतो. मला तो कधी झाला नाही. चल, गार हवा वाट बघतेय तुझी."

आता गंमत अशी, की त्या शेवटच्या पाळीचे आकडे पुढे धाडायचे ते खड्डेताईंच्याच हातानं. धाडण्याआधी पुन्हा एकदा तपासायचे, ही त्यांचीच घातलेली शिस्त. त्या सकाळी टोपीवाला मुद्दाम खोलीत आला नाही. खड्डेताई एकट्याच पडद्यासमोर बसल्या. समोर दोन आकडे, आणि ते बदलायला दोन बोटं पुरेशी. चित्र आलं की म्हणायचं, पुन्हा चूक झाली. म्हातारपणी होतं असं. लोकांनी मानलं असतं. टोपीवाल्यानं मानलं नसतं, पण तोही बोलला नसता. आणि नदी आली असती. सबंध आली असती.

हात कळफलकावर तसाच राहिला. हा विचार आपल्या मनात आला याचं त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तो इतका सोपा होता याचं वाटलं. त्यांनी तीनशेएकोणीस हा आकडा मनातल्या मनात म्हणून पाहिला. नव्या मोजणीतला नदीचा खरा पत्ता. तो त्यांच्या तोंडी कधी बसलाच नव्हता. परक्या माणसाला हाक मारल्यासारखा वाटला.

मग त्यांनी टोपीवाल्याच्या जागेची चौकट उघडली. धूसर नकाशावर टेकड्या होत्या, चंद्रकोरीसारख्या, एकीमागे एक. त्यांनी कडा जुळवल्या, अंश वाचले, पुन्हा वाचले, आणि धाडून दिलं. नंतर खिडकीच्या पट्ट्या वर ओढून थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. बाहेर ऊन होतं.

ते चित्र आलं तेव्हा टोपीवाल्यानं खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढून आणली. एकट्यानं उघडायचा त्याला धीर होईना. जुनं आणि नवं एकावर एक ठेवून त्यानं एकदा हे दाखवलं, एकदा ते. टेकड्यांची टोकं हलली. किंचितच. ती एका बाजूला पुढे आली होती, आणि मागचे दगड उघडे पडले होते.

"सरकल्या," तो म्हणाला.

"मोज आधी."

त्यानं मोजलं. खड्डेताईंनीही मोजलं. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी डोकं चोळत बसला. इतक्या वर्षांत ते डोकं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं तेही तसंच राहिलं. ना आनंदानं त्याला हात लावला, ना त्यानं आनंदाला.

शेवटच्या दिवसांत त्यांनी त्या चुकून आलेल्या पठाराचे खड्डे मोजले. कोणी सांगितलं नव्हतं. पण ते चित्र आता आलं होतं, आणि त्या पठारानं त्यांचं काय वाकडं केलं होतं? त्यांनी उघडलं नसतं तर ते दुसऱ्या कोणी उघडायचं कारण नव्हतं. जमीन फार म्हातारी निघाली. वाळूच्या लाटांच्या बाजूला एक खड्डा अगदी ताजा होता, कडा धारदार, आजूबाजूची धूळ उडालेली. मोठ्या बाई तो बघायला खास खाली आल्या आणि खूश झाल्या. खड्डेताईही झाल्या, जेवढं व्हायला हवं तेवढ्या.

निरोपाचा कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. लिफ्टवाले समोर पेपर वाचत होते. त्यांना सगळी हकिगत कळलेली होती. समजूत कशी घालावी हे त्यांना कधीच जमलं नाही. बिघाड समोर दिसला की काहीतरी उघडून बघायचं, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, जुन्या कॅलेंडरचं एक पाठकोरं पान उलटं करून टेबलावर पसरलं आणि पेन्सिल काढली.

"कशी होती गं ती? नीट सांग. मला कधी धड कळलीच नाही."

"आता काय करायचंय?"

"सांग तर. डोंगर कुठं?"

त्यांनी वरचा कोपरा दाखवला. लिफ्टवाल्यांनी डोंगर काढला तो उलट्या घमेल्यासारखा. मग त्यातून एक जाड रेघ खाली ओढली, सरळ, लिफ्टच्या दोरासारखी.

"अहो, नदी आहे ती. असं कोणी खाली येतं का?"

"मला येतं तसं मी काढतो. तुला एवढं असेल तर तू काढ."

त्यांनी पेन्सिल ओढून घेतली. घमेल्याच्या शेजारी नवी सुरुवात केली. वळणं त्यांच्या हातातच होती. टेकाडाला वळसा, दोन फाटे, पुन्हा एक. काठ सैल होत गेले. नवरा हनुवटी टेबलावर टेकवून बघत होता. पट्टी जिथं संपायची तिथं येऊन त्या थांबल्या.

"इथवरच आहे," त्या म्हणाल्या.

"कागद तर पुढे आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. खरंच, पुढे कागद होता. पुढे काळं नव्हतं, पांढरं होतं. जे दिसलं नाही ते काढायचं नाही, हे त्यांनी नव्या पोरांना शिकवलं होतं, आणि त्याआधी मोजणीच्या कचेरीत त्यांना कोणी शिकवलं होतं. पेन्सिल जरा घुटमळली आणि मग पुढे गेली, हलक्या हातानं, आतापर्यंतच्या रेघेहून फिकी. एक वळण त्यांनी स्वतःच्या मनानं दिलं. मग एक अरुंद जागा, मग पुन्हा पसरट पात्र. एके ठिकाणी त्यांनी मधे बेट ठेवलं. लिफ्टवाल्यांनी खालच्या कोपऱ्यात बोटानं एक मोठा गोल दाखवला. "हे तुझं तळं ना?"

त्यांनी गोल काढला. आता नदी आणि तळं यांच्यात अंगठ्याएवढं अंतर उरलं. पेन्सिल तिथं थांबली.

"पोचव की आता," नवरा म्हणाला. "एवढं आलीस तर."

खड्डेताई त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. शेजारच्या घरात कोणीतरी नळ सोडला, बंद केला. त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदाला टेकवलं, आणि उचललं.

"नको," त्या म्हणाल्या. "एवढं बघूनच काढायचं."

"मग राहू दे इथंच," लिफ्टवाले म्हणाले. त्यांनी तो कागद घडी न करता उचलला, ताटांच्या फळीवर भिंतीला टेकवून उभा केला, आणि त्यावर पाणी उडू नये म्हणून ताटं जरा अलीकडे सरकवून ठेवली.